दुसरा ठोका

"आज तुला सुट्टी आहे, थंडी आहे, करवत आहे. मग झाड कोण छाटणार? मी?" बाबांनी पलंगावरून विचारलं. एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं, पण खोचकपणात कुठे खंड पडला नाही.

चिरंजीवांचं वय त्रेपन्न. टपाल कचेरीत शिक्के मारण्यात हयात गेलेली. समोर आलं की मारायचा, का म्हणून विचारायचं नाही. बाबा सार्वजनिक बागेत अडतीस वर्षं माळी होते. झाडांच्या बाबतीत आपला मुलगा ठार ढ आहे, हे त्यांचं मत तो सातवीत असताना बनलं आणि तिथेच राहिलं. आता छातीच्या दुखण्याने त्यांनी अंथरूण धरलं होतं. "एवढी थंडी काढली तरी खूप," डॉक्टर दाराबाहेर हळूच म्हणाले होते. त्यात बाबांनी खाणंच सोडलेलं. सूपची वाटी दिसली की तोंड भिंतीकडे.

म्हणून खिडकीबाहेरची नासपती छाटायचं फर्मान निघालं तेव्हा चिरंजीवांना बरंच वाटलं. म्हाताऱ्याला काहीतरी हवंसं झालं होतं. शिवाय 'जमलं बरं का तुला' हे एवढं एक वाक्य त्यांना बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि आता दिवस फार उरले नव्हते.

"पण बाबा, एवढ्या थंडीत झाडाला त्रास नाही का होणार?"

"गाढवा, थंडीतच छाटायचं असतं. पानं नसतात, सांगाडा नीट दिसतो. झाड झोपलेलं, कीडही झोपलेली. पुढे ऊन वाढलं की सगळा जोर उरलेल्या फांद्यांना." बाबांना धाप लागली. "भर बहरात छाटणं म्हणजे... जेवत्या माणसाचं ताट ओढणं."

"ताट ओढायला माणूस आधी जेवायला तर हवा," सूनबाई वाटी परत नेत म्हणाल्या.

खिडकी उघडायला डॉक्टरांची मनाई होती आणि बाबांचा आवाज काचेपलीकडे पोचण्यातला नव्हता. त्यांनी उशाची काठी उचलली. "तू फांदीला हात लाव. काचेवर एक ठोका म्हणजे काप. दोन म्हणजे थांब. कळलं, की लिहून देऊ?"

पहिल्या तीन फांद्या झकास गेल्या. एक वाळकी, एक आत वळलेली, एक दुसरीवर घासणारी. चौथ्या वेळी चिरंजीवांनी हात ठेवला तो सगळ्यात आधी फुलणाऱ्या जाड फांदीवर. ठक्. त्यांना जरा नवल वाटलं, पण हुकूम तो हुकूम. करवत चालली, फांदी खाली आली, आणि पुन्हा ठक्. 'अच्छा, शेजारचीही,' म्हणून त्यांनी तीही उतरवली. मग ठोके जोरजोरात येऊ लागले. बाबा रंगात आलेत असं समजून चिरंजीवांनी हात चालवला. कचेरीतसुद्धा इतक्या झटपट कामं कधी उरकली नव्हती.

दुपारी सूनबाई ओल्या हातांनी धावत आल्या.

"अहो, उतरा खाली! ते मघापासून थांब म्हणतायत! एक ठोका मारला की त्यांना धाप लागते. दुसरा मारेपर्यंत तुमची फांदी खाली, आणि दुसरा वाजला की तुम्ही पुढची धरता!"

चिरंजीवांना शिडीवरच घाम फुटला. एकेका 'थांब'पायी दोन दोन फांद्या गेल्या होत्या. बुंधा उरला होता आणि वर वीतभर खुंट.

"तू आधी का नाही आलीस?"

"मी मागे कपडे धूत होते. ठोके ऐकून वाटलं, आज बापलेकाचं जमलंय."

चिरंजीव पलंगाशी जाऊन उभे राहिले. बाबा खिडकीबाहेर बघत होते. ते 'गाढवा'सुद्धा म्हणाले नाहीत. मग त्यांनी मान वळवली.

"सूप आण."

"काय?" सूनबाईंना खरंच वाटेना.

"एका दमात दोन ठोके मारता यायला हवेत मला. आणि आता मरायचीही सोय राहिली नाही. हे झाड फुटतं की जातं, ते बघितल्याशिवाय... याच्या हवाली करून जाऊ?"

त्या दिवसापासून बाबा जेवू लागले. आधी सूप, मग उकडलेलं अंडं, मग मीठ कमी असल्याची तक्रार. थंडी सरली तरी ते होतेच. डॉक्टर चक्रावले. "कसला उपाय केलात?"

"करवत," सूनबाई म्हणाल्या.

मग एका सकाळी खुंटाशी बोटभर कोंब दिसला. चिरंजीव तसेच अनवाणी धावले, शिडीवर चढले, कोंबाला हात लावून खिडकीकडे वळले. बाबा उशांना टेकून बसले होते. त्यांनी कोंब नीट निरखला. मग काठी उचलली.

ठक्.

चिरंजीव आता शहाणे झाले होते. घाई न करता ते दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिले. अनवाणी पाय अवघडले तरी हलले नाहीत. मग काचेमागे सूनबाई आल्या, बाबांवर वाकल्या, आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. चिरंजीव दर थंडीत झाड छाटतात आणि शेजारीपाजारी त्यांना सल्ला विचारायला येतात. त्या कोंबाची आता मनगटाएवढी फांदी झाली आहे. ती खिडकीवर आडवी येते, उजेड अडवते, शेजारच्या फांदीवर घासते.

"ही तर पहिली जायला हवी," परवा सूनबाई शिडी धरून म्हणाल्या. "आणि बाबांनी एकच ठोका मारला होता. म्हणजे काप."

चिरंजीवांनी करवत खाली दिली.

"त्यांना धाप लागते गं," ते म्हणाले. "थोडं थांबू."