पुस्तकाला शेजार लागतो

गफूरच्या वाचनालयातून पुस्तक कधी एकटं बाहेर पडायचं नाही. तुम्ही शेळीपालनाचं पुस्तक मागितलं, की तो ते फळीवरून काढायचा, त्यावर फुंकर मारायचा आणि त्याला खेटून असलेलं दुसरं पुस्तकही तुमच्या हातात ठेवायचा. ते पेटी वाजवायला शिकवणारं असायचं.

"मला पेटी काय करायची?" माणूस विचारायचा.

"तुमाला कोण म्हणून राहिलं? ह्या पुस्तकाला शेजार लागतो. एकटं न्हाई जात ते."

"पण शेळीचा अन् पेटीचा काय संबंध?"

या प्रश्नाची तो वाटच पाहत असायचा. चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचा, "आता बराबर इचारलं. शेळ्यामागं हिंडणाऱ्याजवळ काय असतं? येळ असतो अन् मोकळा माळ असतो. बेसूर गायलं तर ऐकायला कोण? शेळी. ती काय नावं ठेवती का? गाणं शिकायला ह्याहून चांगली जागा सांगा मला."

माणूस हसत हसत दोन्ही पुस्तकं घेऊन जायचा. पेटी कुणी शिकल्याचं मला आठवत नाही. पण शेळ्यांमागं मोठ्यानं गाणारी माणसं आमच्याकडं वाढली, एवढं खरं.

आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडं. सेनगावची जीप फाट्यावर थांबते, तिथून आत चालत यावं लागतं. ग्रामपंचायतीच्या मागं दोन खोल्यांत वाचनालय. गफूर पिंजारी तिथला ग्रंथपाल आणि मी, हायस्कुलातून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर, अध्यक्ष. चारचौघांत मी त्याला गफूरभाई म्हणायचो आणि तो मला सर म्हणायचा. दोघंच असलो की तो नुसता गफूर आणि मी दत्त्या. आम्ही एका इयत्तेत होतो. चौथीनंतर त्याच्या वडिलांनी त्याला कापूस पिंजायला बसवलं, मी पुढं शिकलो. तो म्हणायचा, "बापानं कापूस पिंजला, मी पुस्तकं पिंजून राहिलो. काम तेच. दाबून बसलेलं मोकळं करायचं."

त्याच्या वाचनालयात विषय नावाची गोष्ट नव्हती. सुखी संसारावरचं पुस्तक मोटारदुरुस्तीच्या पुस्तकाला लागून असायचं. "दोन्हीकडं आवाज यायला लागला की पयले थांबायचं," तो म्हणायचा, "चालू गाडीत हात घालायचा न्हाई." भुतांच्या गोष्टी पोटाच्या विकारांशेजारी होत्या. त्याबद्दल विचारलं, तर तो विचारणाऱ्यालाच रात्री काय जेवला होतास ते विचारायचा.

साखऱ्याचा किसन नावाचा शेतकरी एकदा हळदीवरच्या रोगाचं पुस्तक न्यायला आला. गफूरनं त्याला सोबत बंदरांचं पुस्तक दिलं. जाडजूड, जहाजांच्या चित्रांचं.

किसन म्हणाला, "भाई, आमच्या साखऱ्यात हापशाला पाणी न्हाई. जहाज कुठं चालवू?"

"तुझी हळद कुठं जाती?"

"हिंगोलीला."

"अन् हिंगोलीहून?"

किसननं डोकं खाजवलं. "ते मला काय माहीत? ट्रक येतो, घेऊन जातो."

"ने मंग. बघ कुठं जाती ती. लेक सासरी दिली अन् गाव इचारलं न्हाई, असं झालं तुझं."

किसननं ते पुस्तक दोन उन्हाळे परत केलं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात तो बायकोला घेऊन मुंबईला गेला, फक्त बंदर पाहायला. परत आल्यावर पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, "भाई, हळद काही दिसली न्हाई. आत सोडत न्हाईत. पर पाणी पाह्यलं. लई लांब जाती हो आपली हळद." त्यानंतर किसन साखऱ्यात बातम्या ऐकायला लागला. कुठं तरी परदेशात लढाई लागली, की पारावर बसून सांगायचा, आता आपल्या वाळवणावर काय होईल ते. लोक त्याला जहाजवाला म्हणायचे. त्याला ते आवडायचं.

गफूर म्हणायचा, "गोष्ट कळती म्हंजे काय? तिचं शेजारघर कळतं. शेजारघर न्हाई कळलं तर निसतं नाव पाठ झालं."

मला हे पटत नव्हतं. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं की एक उदाहरण संपलं की खाली रेघ मारा. गफूरला ती रेघच मान्य नव्हती. आम्ही त्यावरून भांडायचो. मी त्याला पसाऱ्याचा बादशहा म्हणायचो, तो मला म्हणायचा, "दत्त्या, तू मेल्यावर यमाला म्हणशील, पयले रांगेत उभं राहा."

या सगळ्या शेजारांची कारणं तो सांगायचा. एकाच जोडीचं कधी सांगितलं नाही. मी वाचनालयाला दिलेलं अंकगणितातल्या कोड्यांचं जुनं पुस्तक, माझ्या लहानपणचं, त्यानं विहीर कशी खोदावी या पुस्तकाशेजारी ठेवलं होतं. मी विचारलं, तर म्हणाला, "सांगंल कवा तरी." मी आपलं समजून घेतलं. त्या कोड्यांत विहिरीतल्या बेडकाचं एक कोडं आहे. दिवसा तीन हात चढतो, रात्री दोन हात घसरतो. त्यावरून असेल.

आता गावात काय सांगतात ते लिहितो. गावात सांगतात की शेवटी शेवटी गफूरभाईचं डोकं चालेना, त्यांनी पुस्तकांचा गोंधळ करून ठेवला आणि दत्तराव सरांनी तो निस्तरून वाचनालयाला वरचा वर्ग मिळवून दिला. वाचनालयाच्या दारावर फलक आहे, त्यावर माझं नाव आहे. माझ्या देखत ही गोष्ट कितीदा तरी सांगितली गेली आणि मी सुपारी चघळत ऐकली. ती खोटी आहे.

झालं असं. वाचनालयाला सरकारकडून वरचा वर्ग मिळावा, अनुदान वाढावं म्हणून आम्ही अर्ज केला होता. तपासणीला साहेब येणार होते. मी गफूरला म्हणालो, "आता तरी विषयवार लाव. साहेबांना दाखवायचंय."

तो फळी पुसत होता. म्हणाला, "विषयवार म्हंजे कशी? शेतीवाले इकडं, देवाधर्मावाले तिकडं, आजारवाले कोपऱ्यात?"

"हो. सगळीकडं तसंच असतं."

"ही तर जातवार पंगत झाली, दत्त्या. आपल्या गावानं ती मोडायला किती येळ लावला. आता पुस्तकांत चालू करायची का?"

मी चिडलो. तो हसला आणि फळी पुसत राहिला.

त्याच महिन्यात तो मोतीबिंदू काढायला नांदेडला गेला. मुलीनं त्याला पुढं विश्रांतीसाठी डोंगरकड्याला, तिच्या घरी नेलं. मी शाळेतले दोन तरुण मास्तर बोलावले. आम्ही सगळी कपाटं रिकामी केली, जमिनीवर ढीग लावले, पाठीवर आकडे चिकटवले आणि विषयवार पुस्तकं लावली. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोल्यांखाली रेघ मारल्यासारखं वाटलं. शेळ्या शेतीत गेल्या, पेटी कलेत गेली. कोडी एका कपाटात आणि विहीर दुसऱ्या खोलीत.

गफूर परत आला तो काळा चष्मा लावून. दारातच थांबला. मग आत येऊन पहिल्या फळीवरून बोटं फिरवत चालत गेला. तो पुस्तकं पाठीवरून ओळखायचा. बोटं एकेका पुस्तकावर थांबत होती आणि पुढं जात होती. कोड्यांच्या पुस्तकापाशी थांबली. त्याच्या पलीकडलं पुस्तक त्यानं चाचपलं, ते बीजगणित होतं. हात खाली घेतला.

मी म्हणालो, "तुझे कष्ट वाचवले बघ."

खोलीत आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, "साफ झालं, सर."

त्या दिवसापासून मी दोघांतही सर झालो.

तपासणीचे साहेब आले. खूश झाले. आधीची व्यवस्था कशी होती, असं त्यांनी सहज विचारलं. कौतुक ऐकून मी फुगलो होतो. म्हणालो, "काही व्यवस्थाच नव्हती, साहेब. ग्रंथपालांचं वय झालंय, लक्ष राहत नाही. सगळा गोंधळ होता." हे मी त्याच खोलीत म्हणालो. गफूर कोपऱ्यात स्टोव्हवर चहा करत होता. त्यानं साहेबांना आधी कप दिला, मग मला. माझ्या चहात साखर नसते, ते तो विसरला नव्हता.

पुढं तो वर्षभर राहिला. मागितलेलं पुस्तक द्यायचा, एकच. नोंद करायचा, सही घ्यायचा. कुणी विचारलंच, "भाई, ह्याचा शेजारी कुठाय?" तर म्हणायचा, "आता त्येला घर मोठं झालंय." मग तो डोंगरकड्याला मुलीकडं गेला तो कायमचाच.

मी त्याला भेटायला गेलो नाही. कारणं होती. गुडघे होते, जिपा भरलेल्या असायच्या. यंदा हळद शिजवण्याच्या दिवसांत साखऱ्याचा किसन फाट्यावर भेटला. म्हणाला, "सर, डोंगरकड्याला गेलतो. भाईला आता दिसत न्हाई. तुमी कसे हाव म्हणून इचारून राहिला होता."

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयातून ते कोड्यांचं पुस्तक काढलं, पिशवीत घातलं आणि जीप पकडली.

गफूर अंगणात बाजेवर बसला होता. मुलीनं माझं नाव सांगितलं. "या सर," तो म्हणाला आणि सरकून जागा केली. मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्यानं पाठ चाचपली, कोपरे चाचपले, कागदाचा वास घेतला. मग त्याचा हात बाजेवर इकडंतिकडं फिरला, काही तरी शोधत.

"एकटंच आणलं?"

मी विचारलं, "ते विहिरीचं पुस्तक ह्याच्या शेजारी काहून ठेवलं होतं? बेडकाच्या कोड्यासाठी?"

"बेडूक हाय त्यात. पर त्यासाठी न्हाई." त्यानं पुस्तकावर तळवा ठेवला. "माझी शाळा सुटली. कापसाच्या धुळीनं खोकला यायचा, म्हणून बाप मला दुपारी मोकळं सोडायचा. मी तुमच्या विहिरीवर येऊन बसायचो. तुमी शाळेतून आले की घरी न्हाई जायचे, पयले विहिरीवर यायचे. हेच पुस्तक घेऊन. मला एकेक कोडं घालायचे. म्या एकही पुस्तक तवर शाळेभाईर पाह्यलं नव्हतं. माझ्यासाठी ह्या पुस्तकाचा शेजारी विहीरच हाय. दुसरं कोन असंल?"

मी विसरलो होतो. विहिरीवर बसायचो हे आठवत होतं, पण कशासाठी ते विसरलो होतो.

"गफूर," मी म्हणालो, "साहेबांपुढं मी खोटं बोललो. गोंधळ नव्हता तिथं."

"ऐकलं होतं म्या. स्टो लई आवाज करत नव्हता."

"गावात मी सांगणार आहे. लिहून देणार आहे."

"द्या. तुमचं अक्षर चांगलं हाय." त्यानं पुस्तक पुन्हा माझ्या मांडीवर ठेवलं. मुलगी चहा घेऊन आली, कप ठेवून आत गेली. अंगणात आम्ही दोघंच उरलो. चहात साखर नव्हती. त्याचे मिटल्यासारखे डोळे अंगणातल्या उन्हाकडं होते.

मग म्हणाला, "कोडं घाल एखादं, दत्त्या."

मी खिसे चाचपले. "चष्मा राहिला घरी."

"विहिरीवर कुठं चष्मा होता? तोंडपाठ घाल. बेडकाचं घाल."

"त्याचं उत्तर ठाऊक आहे की तुला."

"उत्तर कोन मागून राहिलं?" तो म्हणाला, आणि माझ्याकडं सरकून बसला.