चाळीस मिनिटांचा बोर्ड

दशांशराव दातांच्या दवाखान्याचा महिन्याचा अहवाल तयार करत होते. खरं नाव वेगळं होतं, पण चहासुद्धा "अर्ध्यापेक्षा किंचित जास्त" मागायचे, म्हणून हे नाव पडलं. दवाखान्याच्या शाखा दोन. मोठीत पेशंटला सरासरी सत्तर मिनिटं थांबावं लागे, छोटीत दहा. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत दशांशरावांनी दोन्ही आकडे मिळवले, दोनाने भागले आणि चाळीस लिहून मोकळे झाले.

मॅनेजरसाहेबांना तक्ता वाचायचा कंटाळा. ते थेट शेवटची ओळ गाठत. आठवडा उलटायच्या आत मोठ्या शाखेच्या दारावर बोर्ड झळकला : 'येथे सरासरी चाळीस मिनिटांत नंबर.'

तोच बोर्ड वाचून दशांशरावांच्या सासूबाई दुखरी दाढ घेऊन आल्या आणि बाकावर बसल्या. तासाभराने त्यांनी जावयाला बाहेर बोलावून घेतलं.

"जावईबापू, ही चाळीस मिनिटं नक्की सुरू कधी होतात?"

"आई, ती सरासरी आहे."

"पण माझी दाढ काही सरासरी दुखत नाहीये."

बाकावरचे पेशंट गाल धरून हसले. दशांशराव ओशाळून आत गेले आणि तक्ता उघडून बसले. मोठ्या शाखेत पेशंट नऊशे ऐंशी, छोटीत जेमतेम वीस. त्या वीस जणांच्या जिवावर आपण नऊशे ऐंशी जणांचा अर्धा तास गिळलाय, हे लक्षात येताच त्यांचे कान तापले. ते तडक साहेबांकडे गेले.

"साहेब, भारित सरासरी काढायला हवी होती. जिथे पेशंट जास्त, तिथल्या मिनिटांना वजन जास्त. तशी काढली की एकोणसत्तर येतात."

"म्हणजे तुम्ही मिनिटं वाढवलीत?"

"वाढवली नाहीत साहेब. ती होतीच."

"काल नव्हती," साहेब म्हणाले. "बोर्ड उतरणार नाही. तुम्ही जा."

आता निदान घरी तोंड दाखवायला जागा राहावी, म्हणून दशांशराव सासूबाईंच्या कानाशी लागले. "आई, मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचीच छोटी शाखा आहे. तिकडे चिटपाखरू नसतं."

सासूबाईंचा गाल सुजला होता, आवाज मात्र शाबूत होता. "काय सांगता? तिथे कोणीच नसतं? आणि डॉक्टर चांगले आहेत ना?"

निम्मी खोली उठून उभी राहिली. मागच्या गल्लीत शब्दकोडं सोडवत बसलेल्या डॉक्टरीणबाईंना जिन्यात एवढी पावलं वाजलेली ऐकून आधी आग लागल्याचाच संशय आला.

बातमी गावभर पसरली. पेशंट दोन्हीकडे वाटले गेले आणि बाकं मोकळी झाली. पुढचा अहवाल दशांशरावांनी भारित सरासरी काढून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी शेवटची ओळ वाचली.

"पंचवीस?"

"हो साहेब. भारित."

साहेब उठले, दार लोटून आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मागच्या वेळी मी उगाच तोडून बोललो तुम्हाला. नुसतं सूत्र बदलून चव्वेचाळीस मिनिटं कमी केलीत."

दशांशरावांनी खुलासा करायला तोंड उघडलं.

"राहू द्या, ते गणित मला कळायचं नाही," साहेब म्हणाले. "फक्त या महिन्यात आणखी थोडा भार टाका. पंधरावर आणू."

दशांशरावांनी तोंड मिटलं. "बघतो, साहेब," म्हणाले.