सांगितलेली माणसं

परदेशी माणसासमोर आपल्या घरच्या कुणाचं नातं आणि नाव सांगितलं, की ते माणूस तिथं येतं, हे इचलकरंजीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नुसतं "माझे काका" म्हटलं तर कुणी येत नाही; काका सगळ्यांनाच असतात. "माझे काका शंकरराव" म्हटलं की शंकरराव हातातलं काम टाकून हजर. आलेलं माणूस तिथलं काहीतरी खाल्ल्याशिवाय परत जाऊ शकत नाही. जिवंत माणसं कितीही वेळा येतात, वारलेली एकदाच. व्हिसा कुणालाच लागत नाही, कारण माणूस प्रवासाला निघालेलं नसतं, सांगितलेलं असतं.

म्हणूनच यंत्रमाग बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना गावातली शहाणी माणसं "आम्ही घरी चौघंच" असं सांगून मोकळी होतात. पाहुण्यांना वाटतं, काय सुटसुटीत कुटुंबं आहेत. खरी गोष्ट अशी की चुलत-मावस धरून सांगायला बसलं तर स्वयंपाक कुणी करायचा?

सुनंदा मुसळेचा मुलगा पंकज नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी करत होता. तिथं त्यानं वडिलांचं नाव दोनदा घेतलं आणि दत्तात्रय मुसळे दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला ते बनियनवर होते आणि दाढीला फेस लावलेला होता. पण चीज लावलेला पाव खाऊन परतले आणि तेव्हापासून कुठल्याही विषयावर "आमच्या आइंडहोवनला असं नसतं" म्हणू लागले. आईचं नाव मात्र पंकजनं कधी घेतलं नाही. कारण सरळ होतं. आईला थंडी बाधते, असं त्याचं म्हणणं होतं.

सुनंदानं त्याला कधी विचारलं नाही. पण तिकडं ऑफिसात जेवणाची सुट्टी व्हायची, माणसं गप्पा मारायची, त्या सुमाराला ती इकडं रोज चांगली साडी नेसून, वर स्वेटर चढवून, पायात मोजे घालून सोफ्यावर बसायची. भर मे महिन्यातही बसायची. शेजारणींनी विचारलं तर अंगात कसर आहे म्हणायची. आपल्याबद्दल कुणीतरी परक्या माणसाला अभिमानानं सांगावं, नाव घेऊन सांगावं, एवढीच तिची इच्छा होती. ती तिनं कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

अशात पंकजचं तिथल्या लिसबेथशी लग्न ठरलं आणि लिसबेथचे आईवडील, कारीन आणि वीम, मुलगी कुठल्या घरात पडते आहे ते बघायला निघाले. दत्तात्रय खूश झाले. घराण्याची माहिती द्यायची म्हणजे त्यांच्या आवडीचं काम. आदल्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आवटी येऊन दारातच उभे राहिले.

"मुसळे, किती नावं घेणार?"

"सातआठ तरी होतील."

"जिवंत की वारलेली?"

"जिवंतच. आमच्याकडची वारलेली संपली."

"मग पाणी जादा सोडतो," आवटी म्हणाले. "वारलेली हात धूत नाहीत."

मुसळ्यांकडची वारलेली संपली होती हे खरंच होतं. दत्तात्रयांनी आपल्या सख्ख्या वडिलांनासुद्धा एका जर्मन सेल्समनपुढं खर्ची घातलं होतं, आणि शेवटी त्या माणसाकडून माग घेतलाच नाही. सुनंदाच्या माहेरचं मात्र एक माणूस शिल्लक होतं, तिची आई. ती तिनं जपून ठेवली होती, पंकजच्या लग्नासाठी. लग्नात परदेशी वऱ्हाड असेल, तेव्हा कुणाला तरी सांगू आणि आई अक्षता टाकायला येईल, असा तिचा हिशेब होता.

ठरल्या दिवशी पंकज पाहुण्यांना घेऊन आला. सुनंदानं सकाळीच मोठ्या पातेल्यात खपली गव्हाची खीर केली होती, कारण नवऱ्याचा स्वभाव तिला माहीत होता. दत्तात्रय खुर्चीत मांडी घालून बसले आणि सुरू झाले. पंकज मध्ये बसून एकेक वाक्य पाहुण्यांना समजावत होता. आम्ही पिढीजात विणकर. आमच्या घरात चार हातमाग होते. आमचे काका शंकरराव यांनी पहिला यंत्रमाग आणला. शंकरराव भिवंडीहून आले, सगळ्यांना नमस्कार केला आणि खिरीची वाटी घेतली. मग आमची आत्या, मग आत्याचे यजमान, मग चुलतभाऊ. सुनंदा वाढत होती आणि रिकाम्या वाट्या विसळून पुन्हा भरत होती.

आणि मग दत्तात्रय म्हणाले, आमचे थोरले काका मल्लाप्पा.

मल्लाप्पा रेंदाळहून आले. समोर धाकटा भाऊ आधीच बसून खीर ओरपतो आहे हे त्यांनी पाहिलं आणि बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर भिंतीकडं तोंड करून बसले. थोरल्याच्या आधी धाकट्याचं नाव घेतलं होतं. दत्तात्रयांच्या तोंडचं पाणी पळालं. रुसलेला माणूस खात नाही आणि न खाणारा माणूस परत जात नाही. मागं एकदा याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कुणाचे तरी आजोबा दिवाळीपासून होळीपर्यंत राहिले होते.

पंकजनं हा पेच वीमना समजावून सांगितला. वीमनी तो नीट ऐकून घेतला, आणि आपल्याकडून काही करता येईल का, असं विचारलं. कपाटातून मानाची टॉवेल-टोपी निघाली. पाहुण्याच्या हातानं दिलेली चालते की नाही यावर शंकरराव आणि आत्याबाईंचं थोडं बोलणं झालं आणि चालते असं ठरलं. वीमनी जिन्यात जाऊन, वाकून, मल्लाप्पांच्या डोक्यावर टोपी घातली आणि खांद्यावर टॉवेल ठेवला. मल्लाप्पा आत आले. तीन वाट्या खीर खाऊन, वीमच्या पाठीवर थाप मारून ते रेंदाळला परतले. त्यांच्यामागोमाग बाकीचेही खाऊन आपापल्या गावी गेले. दत्तात्रयांनी घाम पुसला. घराण्याची माहिती छान झाली असंच त्यांचं मत होतं.

कारीन मात्र उठून स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं पंकजला बोलावलं आणि काहीतरी विचारलं. पंकज जरा घुटमळला, मग म्हणाला, "आई, त्या विचारताहेत, इतकी माणसं आली ती सगळी बाबांकडची. तुझ्याकडचं कोण?"

सुनंदाच्या हातात विसळलेली वाटी होती, ती तिनं खाली ठेवली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"नुसतं 'माझी आई' म्हण," पंकज हळू आवाजात म्हणाला. "नाव घेऊ नकोस. आज्जी लग्नाला पाहिजे ना आपल्याला?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. सुनंदानं विचार केला. लग्नात गर्दी असेल. आई पंगतीत बसेल, जेवेल आणि जाईल. आणि तिच्याबद्दल कुणी विचारलेलं नसेल, आपणच कुणाला तरी धरून सांगितलेलं असेल. इथं ही बाई दारात उभी राहून, वाट बघत, विचारते आहे.

"माझी आई, अक्काताई," सुनंदा म्हणाली.

अक्काताई आली. अंगावर स्वतः विणलेलं लुगडं होतं आणि केसांत सुताचे तंतू होते. सुनंदाला वाटलं होतं आई आपल्याला जवळ घेईल. अक्काताईनं आधी पातेल्यात डोकावून बघितलं. "गूळ हात राखून घातलायस," ती म्हणाली. मग तिनं कारीनच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून पाहिली, सूत बरं आहे म्हणाली, आणि तिच्याबरोबर हॉलमध्ये जाऊन सोफ्यावर बसली. जिवंतपणी ती जावयासमोर कधी खाली सतरंजीवरसुद्धा नीट टेकली नव्हती. दत्तात्रय आपण होऊन उभे राहिले.

आलेल्या माणसाला वाढायचं, हे सुनंदाच्या अंगवळणी पडलेलं होतं. खीर गरम करायला हवी होती. आई खाईल आणि जाईल, हेही तिला कळत होतं. तिनं गॅस अगदी बारीक ठेवला आणि उगाचच ढवळत राहिली. शेवटी वाटी भरून आईच्या हातात दिली आणि तिच्या तोंडाकडं न बघता पाणी आणायच्या निमित्तानं परत आत आली. पाणी हॉलमध्ये होतंच. ती सिंकपाशी उभी राहिली आणि रडली.

बाहेर वीम अक्काताईला विचारत होते. त्यांनी पंकजमार्फत विचारलं, आता तुमच्या घराण्याबद्दल सांगा.

अक्काताईनं वाटी मांडीवर ठेवली. "आमचं घराणं काय," ती म्हणाली. "सोन्याचांदीचं न्हाई, वाड्याचं न्हाई. माझा माग हुता. दिसभर धोटा चालायचा. आन् त्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून द्यायला एक पोर बसायची, एवढीशी. तिच्या कांडीचं सूत मदी कधी तुटलं न्हाई. माझ्या पाठीमागं तिनं धाकटी भावंडं मार्गी लावली, नवऱ्याचं घर हुबं केलं, ह्या पोराला एवढं शिकवलं. कुणाला सांगत बसली न्हाई. आमच्या घराण्यात सांगण्यासारखं हाय ते तेवढंच. माझी लेक, सुनंदा."

सुनंदा हॉलमध्ये आली.

ती चालत आली नाही. सिंकपाशी होती, ती सोफ्यासमोर आली, ओल्या हातांनी, पदर खोचलेला तसाच. सगळे तिच्याकडं बघत होते. कारीन उठून उभी राहिली, मग वीमही उठले. पंकजनं आजीचं बोलणं डच भाषेत सांगायला घेतलं आणि शेवटपर्यंत सांगितलं. त्यानं एकही वाक्य गाळलं नाही. आईचं नाव आलं तिथं तो थांबला आणि ते त्यानं पुन्हा एकदा मोठ्यानं घेतलं.

सुनंदा स्वयंपाकघराकडं वळायला लागली, पण ते आता चालणार नव्हतं. आलेलं माणूस इथलं काहीतरी खाल्ल्याशिवाय परत जाऊ शकत नाही. आणि वाढणारं माणूस तर तीच होती. दत्तात्रयांनी इकडंतिकडं बघितलं, मग स्वतः आत गेले. वाट्या कुठं असतात ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून खीर पाण्याच्या पेल्यात घेऊन आले आणि दोन्ही हातांनी बायकोपुढं धरली.

अक्काताईनं सोफ्यावर सरकून जागा केली. "बस," ती म्हणाली.

सुनंदा आईला टेकून बसली. तिच्या हातात पेला होता, आईच्या हातात वाटी. दोघींच्या खिरीवर साय धरायला लागली. या दोघी खात का नाहीत, असं वीमनी हळूच विचारलं. पंकज म्हणाला, खातील, घाई नाही.

सुनंदानं पेल्याला तोंड लावलं नाही. अक्काताईनंही वाटीत बोट बुडवलं नाही.