नवरीची गाडी आणि गच्चीचं डांबर

"विद्या, गाडी तुझीच नेणार. पण तिचं तोंड आधी बंद कर," आग्नेसबायने कुंपणापलीकडून निर्वाणीचं सांगितलं आणि विद्याधरचा घास हातातच राहिला.

गाडी त्याच्या वडिलांची, एकसष्ट सालची. वसईजवळच्या नंदाखाल गावातल्या वाडीत केळीच्या पाल्याखाली ती वीस वर्षं पडून होती. बँकेतली नोकरी सांभाळून विद्याधरने तीन वर्षांत तिला पुन्हा उभी केली. रंग पिस्ता, क्रोम लखलखीत. पण ती चालू लागली की भांड्यांचं दुकान कुणीतरी जिन्यावरून ढकलून दिल्यासारखा आवाज यायचा.

शेजारच्या आग्नेसबायची मुलगी रोझलिन, तिचं लग्न मे महिन्यात. एकाहत्तर साली आग्नेसबाय नवरी होऊन याच गाडीतून चर्चला गेली होती. "वाटेत पप्पा मला काहीतरी सांगत होते," ती म्हणाली, "पण ह्या बयेच्या खडखडाटात एक अक्षर ऐकू आलं नाही. मी नुसती मान डोलावली. सहा महिन्यांत पप्पा गेले. कशाला हो म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. आता रोझलिनचे पप्पा नाहीत, तिच्याशेजारी मीच बसणार. मी बोललेलं तिला ऐकू आलं पाहिजे. नाहीतर पलीकडच्या आळीतल्या संग्रामची एसी गाडी आहेच."

संग्रामचं नाव निघालं आणि विद्याधरच्या अंगाची लाही झाली. संग्रामने कर्ज काढून गाडी घ्यावी आणि तीन वर्षं हात काळे करणाऱ्याने बघत बसावं? छे!

गाडीचा आवाज दाबणाऱ्या परदेशी शीट्स मुंबईत मिळत होत्या. पण त्यांचा भाव ऐकून विद्याधरने दुकानदाराकडे पाणी मागितलं. मग स्वस्ताचा शोध सुरू झाला. काथ्याची गादी कापून घातली, तर तिने सगळ्यांना खाज आणली. थर्मोकोलने जुना आवाज तसाच ठेवून स्वतःची किरकिर वर घातली. शेवटी वाटेत भेटला जुना दोस्त सिद्धेश. नालासोपाऱ्यात नव्या बिल्डिंगांच्या गच्च्या गळायच्या आणि त्यावर सिद्धेशची रोजीरोटी चालायची.

"डांबरी शीट लाव ना, यार! गच्चीवर टाकतो तीच. उरलेले तुकडे पडलेत माझ्याकडे, घेऊन जा. बिल्डिंग गप बसते, गाडी काय चीज आहे?"

"उन्हाचं काय?"

"अरे, गच्चीवर ऊनच असतं की!"

हे विद्याधरला शंभर टक्के पटलं. जानेवारीतल्या एका रविवारी दोघांनी मिळून दारांत, तळाला, सीटखाली ते डांबर चिकटवलं. आणि काय सांगावं! दार लावलं की नुसतं 'डब्' व्हायचं. येईल त्याला विद्याधर ते दार चार-चार वेळा लावून दाखवायचा. आग्नेसबायने भुईगावपर्यंत चक्कर मारली आणि मागच्या सीटवर कुजबुजून पाहिलं. रोझलिनला शब्द न् शब्द ऐकू आला. गाडी ठरली.

लग्नाच्या दिवशी मात्र रिबिनी बांधायच्या म्हणून बायकांनी गाडी भर दुपारी अंगणात उन्हात उभी करवली, काचा लावून, दोन तास. गच्चीवर वाराही असतो, हे सिद्धेश सांगायला विसरला होता.

विद्याधरच्या बायकोने, प्रेमलताने, फुलं ठेवायला दार उघडलं आणि हात मागे घेतला. तळवा काळा.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमची गाडी पाघळतेय."

सीटच्या शिवणीतून, गालिच्यातून डांबर वर येत होतं. आणि ओसरीवर, तीन हात पांढरा घोळ असलेल्या गाऊनमध्ये, रोझलिन उभी होती. गाऊनला डाग लागला तर आग्नेसबायला तोंड दाखवायला विद्याधरला जागा उरणार नव्हती.

प्रेमलताने एक क्षणही घालवला नाही. विळा घेऊन वाडीत शिरली आणि केळीच्या कोवळ्या पानांचा भारा घेऊनच बाहेर आली. मागच्या सीटवर, पाठीला, खाली, दाराला, सगळीकडे दुहेरी पानं.

"हे काय गं?" आग्नेसबायने विचारलं.

"शुभ असतं. आमच्यात नवरीला असंच नेतात," प्रेमलता ठणकावून म्हणाली. पंधरा वर्षांच्या संसारात विद्याधरने ही चाल पहिल्यांदाच ऐकली.

पानं पुढच्या सीटला पुरली. खाली, चालवणाऱ्याच्या पायांपाशी, संपली. विद्याधरने नवेकोरे काळे बूट तसेच आत ठेवले. टाचा रुतल्या, पण पेडल दाबायला चवडे मोकळे होते. गाडी निघाली. पुढे बँडवाले, मागे वऱ्हाड, आणि आत अशी शांतता की पानांची सळसळ तेवढी ऐकू यावी. त्या शांततेत आग्नेसबाय लेकीशी हलकेच बोलू लागली. काय बोलली ते विद्याधरने पुढे प्रेमलतालाही सांगितलं नाही. त्याला सारं ऐकू आलं, आणि चर्च येईपर्यंत त्याला रस्ता नीट दिसत नव्हता.

"मम्मी, कळलं मला," एवढंच रोझलिन म्हणाली.

गाडी थांबली. नवरीचं दार गाडीवाल्यानेच उघडायचं असतं. विद्याधर उठला, बूट उठले नाहीत. सगळं वऱ्हाड बघतंय! त्याने खाली वाकून नाड्या सोडल्या, पाय उपसले. मोजे डांबरात टेकले आणि तेही तिथेच राहिले. तापलेल्या फरशीवर चटके खात, अनवाणी पायांनी त्याने दार उघडलं. रोझलिन उतरली, पांढरीशुभ्र. कुठेही ठिपका नाही!

पायांना गारवा मिळावा म्हणून तो लगबगीने चर्चमध्ये शिरला आणि मागच्या बाकाशी उभा राहिला. प्रवचनात फादर म्हणाले, "आपला एक हिंदू शेजारी आज या पवित्र जागेत पादत्राणं बाहेर ठेवून आला आहे. आपणही जरा आपल्या पायांकडे पाहावं." सारं चर्च वळून विद्याधरकडे बघू लागलं. नवऱ्या मुलाच्या दोन काकांनी पायांतले बूट काढून बाकाखाली सरकवले. संग्रामने एसी गाडीची किल्ली खिशात टाकली.

बाहेर पडताना भुईगावच्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या ग्रेसीबायने विद्याधरचा हात धरला. "डिसेंबरात माज्या नातीचं लगीन हाय. गाडी हीच पायजे. आत केलीची पानंबी अशीच. आनि तू पन असाच अनवानी ये, बाला."

विद्याधरने छाती फुगवून होकार दिला. मग त्याच्या ध्यानात आलं की डिसेंबरात ऊन मवाळ असतं. तेव्हा मात्र बूट आपले आपणच काढावे लागणार होते.