दाऊदभाईंचे नापसंत क्वार्टरबॅक

दाऊदभाईंनी पहिल्या भेटीत माझ्याशी हात मिळवला आणि सोडलाच नाही. दुसऱ्या हाताने खिशातून स्टीलची पट्टी काढली, माझा पंजा जिन्याच्या कठड्यावर पसरायला लावला आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीपर्यंत मोजला.

"साडेआठ इंच," ते म्हणाले. "छोटा आहे. पावसात चेंडू निसटणार."

मी त्या दिवशी ईसा टाउनमधल्या इमारतीत सामान चढवत होतो. काखेत प्रेशर कुकर होता. मला वाटलं, गृहस्थ हात बघतात. मी उत्सुकतेने विचारलं, "परदेशगमनाचा योग आहे का?" बहरीनमध्ये उभा राहून.

दाऊदभाई मूळचे म्हसळ्याचे, माझ्या खालच्या मजल्यावर एकटे राहणारे. अस्करजवळच्या एका कारखान्यात ते अॅल्युमिनियमच्या लाद्या तपासतात. चांगली लादी पुढे, वाकडी परत भट्टीत. त्याआधी बरीच वर्षं ते मनाम्यात अमेरिकन खलाशांच्या एका खानावळीत भांड्यांवर होते. तिथल्या टीव्हीवर सदानकदा अमेरिकन फुटबॉल. "भांडी घासता घासता डिग्री झाली," असं ते सांगतात.

हा खेळ नावालाच फुटबॉल. लाथ क्वचित, बाकी सगळी हाताने फेकाफेक आणि हेल्मेट घालून टकरा. त्यात चेंडू कुणाकडे द्यायचा हे ठरवणारा तो क्वार्टरबॅक. दरवर्षी व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. निवडीआधी उंची, वजन, धावणं, पंजा, सगळं मोजतात. आपल्याकडे मुलगी बघायच्या कार्यक्रमात जेवढी चिकित्सा व्हायची, तेवढी तिकडे या दांडग्या पोरांची होते. फक्त कांदेपोहे नसतात.

दाऊदभाईंना या कामावर कुणी नेमलेलं नाही. तरी दर शुक्रवारी नमाज आणि जेवण उरकलं की ते मॅचेसची रेकॉर्डिंग लावतात आणि तपासणीचं जुनं रजिस्टर उघडतात.

"बघा, कुलकर्णीसाहेब. ज्याला द्यायचा त्याच्याकडेच टक लावून बघतो. समोरच्याला कळणार नाही? हात आहे, ताकद आहे, नजर मफी." मफी म्हणजे नाही. दाऊदभाईंच्या तोंडी हा शब्द आला की त्या पोराचं करिअर संपलं. निदान आमच्या इमारतीत तरी.

पहिल्याच शुक्रवारी तासभर बघून मी विचारलं, "पण गोल कधी होणार?" त्यांनी टीव्ही थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टरात काहीतरी लिहिलं. नंतर ते पाणी आणायला गेल्यावर मी वाचलं. शेवटच्या पानावर होतं: 'कुलकर्णी. पंजा साडेआठ. समज मफी.'

तरीही मी जात राहिलो. मुलीच्या अकरावीसाठी बायको तिला घेऊन पुण्याला गेली होती आणि शुक्रवार एवढा लांबलचक असतो हे मला पन्नाशीत पहिल्यांदा कळत होतं. शिवाय दाऊदभाई सुरमई फार छान तळतात.

ड्राफ्ट झाला की आमचं खरं काम सुरू व्हायचं. ज्यांना कुठल्याच संघाने घेतलं नाही, त्यांतल्या एकाला दाऊदभाई पत्र पाठवायचे. ते मराठीत सांगणार, मी इंग्रजीत टाइप करून त्या पोराच्या कॉलेजच्या ईमेलवर धाडणार.

"निवडलेल्यांना काय, सगळी दुनिया फोन करते," ते म्हणायचे. "हे जे राहिले ना, त्यांच्याशी त्या दिवशी कोण बोलत असेल?"

उत्तर कधीच आलं नाही. "इंशाल्ला, पुढच्या वर्षी," म्हणून ते रजिस्टर मिटायचे.

यंदाचा पोरगा आयोवातल्या एका लहान कॉलेजातला होता. उंची कमी म्हणून दाऊदभाई त्याला बुटका म्हणायचे. पण जीव जडला होता. "नजर बघा याची! गर्दीत चार माणसं मागचं बघतो." बुटक्याला कुणीच घेतलं नाही. दाऊदभाईंनी दोन पानांचं पत्र सांगितलं.

मग रोज जिन्यात, कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दूध घेताना, एकच प्रश्न. "जवाब?"

"नाही आला."

महिन्याभराने त्यांनी विचारणं सोडलं. ते जास्त वाईट होतं. शुक्रवारी टीव्ही बंद, रजिस्टर कपाटावर. "आता खलास, कुलकर्णीसाहेब," ते म्हणाले. "मी कोण त्यांना लिहिणारा?"

तेव्हा माझ्यातला परोपकारी मूर्ख जागा झाला. बुटक्याच्या नावाने मी फोनवर एक नवा ईमेल पत्ता उघडला आणि दाऊदभाईंना उत्तर लिहिलं. बरं जमलं होतं. 'आदरणीय सर, तुमच्या शब्दांनी मला बळ दिलं. माझ्या उजव्या हातात अजून दम आहे. एक दिवस जग बघेल.' हे वाक्य लिहून मी स्वतःच गहिवरलो.

त्यांच्यासमोर मी ते मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"परत वाचा."

परत वाचलं.

"अच्छा लिखता है लडका," ते म्हणाले आणि माझ्या ताटात सुरमईचा आणखी एक तुकडा घातला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला लॅपटॉप घेऊन बोलावलं. "जवाब द्यायला हवा. यल्ला, लिहा."

मी लिहू लागलो.

"बेटा, पत्र मिळालं. दिल खूश झालं. एक गोष्ट. तू डावरा आहेस. घाईत विसरला असशील. होतं असं."

माझी बोटं थांबली. दाऊदभाई टीव्हीकडे बघत होते. टीव्ही बंद होता.

"लिहा, लिहा. इतकी वर्षं मी लिहितो, मला कुणी लिहिलं नव्हतं. तू लिहिलंस, बरं वाटलं. आता तुझं सांग. जेवण स्वतः करतोस, की बाहेरचं आणतोस? सकाळपासून तुझा टीव्ही चालू असतो. बघतोस, की नुसता आवाजासाठी लावतोस? मला खाली ऐकू येतं, म्हणून विचारलं. घरून फोन येतो का रोज? तुझ्याशी बोलायला कोण असतं?"

मी सगळं टाइप केलं. मान वर करायची हिंमत नव्हती.

"झालं? पाठवा."

पाठवलं. माझ्या शर्टाच्या खिशातला फोन टिंग करून वाजला.

"पोचलं वाटतं," म्हणून दाऊदभाई भात बघायला आत गेले.

त्या पत्राचा जवाब मी अजून दिलेला नाही. चारदा लिहायला बसलो. जेवणाचं खरं सांगून टाकलं, फोनचं थोडं वाढवून लिहिलं. शेवटच्या प्रश्नापाशी आलो की उठतो आणि टीव्ही लावतो. खाली जाईल म्हणून आवाज मात्र कमी ठेवतो.