आमरसातलं लेथ

जावयाने सासरी येऊन हाताला ग्रीस लावायचं नाही, असं चिंधाआबांनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरलं. आबा धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये जन्मभर मिस्तरी होते. तिथे ते एकदा बोलले की मालकसुद्धा पुन्हा बोलत नसे. (मालक थोडा बहिरा होता, ही गोष्ट वेगळी.)

जावई म्हणजे अभिमन. दुबईला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. आखाजीला लेकी माहेरी येतात, तशी पुष्पा आली होती. यंदा रजा मिळाली म्हणून तोही सोबत आला. येताना त्याने सासऱ्यासाठी टू-इन-वन आणला, सासूसाठी साडी आणली आणि स्वतःसाठी एक लाल मोटारगाडी आणली. हातभर लांब. रिमोटवर पळणारी. दुबईत दर शुक्रवारी मिशा असलेली माणसं अशा गाड्यांच्या शर्यती लावतात, हे ऐकल्यावर आबांच्या मनात दुबईबद्दल जो आदर होता तो बराच उतरला.

पण आदल्या संध्याकाळी गाडी गल्लीतून सुसाट गेली आणि आबांचं मत फिरलं. "द्या बरं इकडे," म्हणत त्यांनी रिमोट घेतला आणि गाडी नेमकी शेजारच्या रुपचंदच्या रेतीच्या ढिगात घातली. बाहेर काढली तेव्हा ती दमेकऱ्यासारखी चार हात चालली आणि बसली.

"काय आबा, दुबईनी गाडी चालस का नही?" रुपचंदने ओट्यावरून विचारलं.

"मीच थांबवली. उद्या चार वाजता ये. निंबापासून हापशीपर्यंत पळवून दाखवतो. नाही पळाली तर मला मिस्तरी म्हणू नको."

हे ओट्याओट्यावर ऐकलं गेलं. बोलून झाल्यावर आबा घाईने घरात शिरले. कारण जिनिंग कधीच बंद पडली होती. चालू होतं ते मिस्तरी हे नाव तेवढं.

सकाळी अभिमनने गाडीची मोटर खोलली. आतल्या फिरत्या आर्मेचरवर जो तांब्याचा गोल भाग असतो, त्यावर रेतीने चरे पाडले होते. "थोडा तासला की झालं," म्हणून त्याने बॅगेतून एक लेथ मशीन काढून ओट्यावरच्या पाटावर ठेवलं. आबांनी आयुष्यात पाहिलेली लेथ मशीनं बसलेल्या म्हशीएवढी. हे पानाच्या डब्यात मावलं असतं.

"हाई काय शे?" रुपचंद कुंपणावरून डोकावला. "सुपारी कातरानं यंत्र?"

झालं. आबांनी बाह्या सारल्या. "जावईबापू, तुम्ही उठा. पाहुण्याने काम करायचं, तर आम्ही काय बघत बसायचं?"

"पण आबा, मी रोजच—"

"बापूंना रस वाढा गं!"

सासऱ्याच्या शब्दावर शब्द टाकायचा नाही, ही अभिमनला त्याच्या आईची शिकवण. सासरी वाढलेलं नको म्हणायचं नाही, ही वडिलांची. तो मुकाट्याने भिंतीला टेकून बसला आणि वाटी तोंडाला लावली. दोन्ही घरची शिस्त चांगली होती. घोटाळा तिथेच झाला.

त्या लेथला स्वतःची एक छोटी मोटर होती. तिच्यातून लाल आणि काळी अशा दोन वायरी निघत आणि त्यांच्या टोकाला एक पांढरं प्लास्टिकचं बोंडूक होतं. आबांनी ते फिरवून फिरवून पाहिलं. घरातल्या कुठल्याच प्लगात ते बसणारं नव्हतं. (तसाही डीपीवरचा फ्यूज सकाळीच उडाला होता. गावात लाईट नव्हती.) जे कशात बसत नाही ते कापायचं, हा जिनिंगचा नियम. आबांनी पकड घेतली आणि बोंडूक कट्कन उडवलं.

"आबा! ते टोक तर—"

"पुष्पे, बापूंची वाटी रिकामी दिसते."

दुसरी वाटी आली. आबांनी टॉर्चमधले दोन सेल काढून वायरी टेकवल्या. मशीनने एक गिरकी घेतली, नमस्कार केल्यासारखं केलं आणि ते गप्प झालं.

"पॉवर कमी पडते," आबा म्हणाले. "मशीन कधी कमी पडत नसतं."

"आबा, गाडीच्याच—"

"भिकुबाई, अगं, रस!"

भिकुबाई म्हणजे आबांची बायको. ओट्याखाली अंगणात पातेलंभर रस घेऊन बसली होती, बाजूला चुलीवर खापर, खापरावर पुरणपोळी. तिला वाटलं, जावयाला आपल्या हातचा रस फारच आवडला. तिने वाटी बाजूला ठेवून तांब्याच भरला. अभिमनच्या कपाळावर घाम आला.

आबा रुपचंदकडे गेले. जाणं जिवावर आलं होतं, पण ट्रॅक्टर गल्लीत त्याच्याकडेच होता.

"बॅटरी लई जा आबा," रुपचंद म्हणाला. "ट्रॅक्टरबी लई जा, लागनं तर."

आबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि बॅटरी खांद्यावर टाकून आणली. ट्रॅक्टर सुरू करणारी बॅटरी, पानाच्या डब्याएवढं मशीन. ज्या बॅटरीने बैल उडाला असता तिला त्यांनी चिमणी बांधली. अभिमनने तोंड उघडलं, सासूच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. (तरी भिकुबाईने वाढलंच. मागायला लाजतो, म्हणाली.)

"आधी रिकामं चालवून बघायचं," आबा म्हणाले. "मग माल लावायचा." आर्मेचर बाजूला राहिलं, ते या नियमामुळे. त्या दिवशी आबांच्या हातून झालेली बरोबर गोष्ट ही एकच.

मशीन पाटाला आवळायला हवं, हे त्यांना सुचलं नाही. जिनिंगचं लेथ स्वतःच्या वजनाने जागेवर राही. चार माणसांना हलत नसे.

वायर टेकली. मशीन किंचाळलं. निंबाखाली झोक्यावर गाणं म्हणणाऱ्या लेकी गाणं विसरल्या. मशीन पाटावरून थरथरत निघालं. आबा "हो, हो" करत मागे धावले, बैल सुटल्यावर धावतात तसे. पण ते काही बैल नव्हतं. ओट्याच्या कडेवरून त्याने उडी घेतली आणि सरळ रसाच्या पातेल्यात गेलं. वायरी तुटल्या, त्या आबांच्या हातात राहिल्या.

"मना रस!" भिकुबाई ओरडली. "बठ्ठा रस गया!"

कुंपणावरून रुपचंद एवढंच म्हणाला, "चारले अजून वेळ शे आबा."

पुष्पाने मशीन रसातून काढलं, पाण्याने धुतलं आणि उन्हात ठेवलं. आबा पाटावर तसेच बसून राहिले. त्यांची नजर घरातल्या शिलाई मशीनकडे गेली. पायाने चालणारं आहे, पट्टा आहे, या लेथला जोडला तर? भिकुबाई दारात आडवी उभी राहिली. तिच्या हातात उलथणं होतं. आबांनी नजर परत आणली.

ऊन उतरलं. माणसं निंबाखाली जमू लागली. आबांनी पागोटं नीट केलं, पुन्हा बिघडवलं, पुन्हा नीट केलं.

"बापू कुठे गेले?" त्यांनी हळूच विचारलं.

"परसाकडे. तिसऱ्यांदा," पुष्पा म्हणाली. तिने वाळलेल्या मशीनला शिलाई मशीनच्या कुपीतलं तेल दिलं, खाली पडलेलं पांढरं बोंडूक उचललं आणि आबांच्या तळहातावर ठेवलं. "हे गाडीच्या बॅटरीत बसतं आबा. तिकडे मी रोज बघते, हे तसंच करतात. गाडीच्याच बॅटरीवर लेथ चालतं. आणि बॅटरी काल रात्रीच भरून ठेवली आहे."

आबांनी बोंडकाकडे पाहिलं. मग गाडीकडे. "ज्याचं औषध करायचं, त्याच्याच अंगातलं रक्त काढायचं?"

"हो."

"मग बापू बोलले का नाहीत?"

"बोलायला गेले की तुम्ही रस वाढायला लावत होता."

पुष्पाने वायरी सोलून जोडल्या. मशीन पाटाला आवळलं, त्यात आर्मेचर चढवलं. ते गुणगुणल्यासारखं चालू झालं. तांब्यावरून केसासारखी बारीक साल निघाली आणि खालून नव्या हंड्यासारखी लकाकी आली. आबा श्वास रोखून बघत होते. हात मागे बांधले होते. स्वतःच बांधले होते.

मोटर आणि बॅटरी परत गाडीत बसली आणि चार वाजता गाडी निंबापासून निघाली. रिमोट पुष्पाकडे. हापशीला वळसा घालून परत आली तेव्हा लेकींनी टाळ्या वाजवल्या. अभिमन दाराला धरून उभा होता. पोट दाबत का होईना, हसला.

रुपचंद उठून उभा राहिला. "मान गये," तो म्हणाला. "गाडी कोणी नीट करी?"

आबा चार पावलं पुढे आले. छाती काढली. खाकरले.

"त्याचं असं आहे रुपचंद, जिनिंगमध्ये आम्ही—"

"पुष्पे," भिकुबाई दारातून ओरडली, "तुना बापले रस वाढ!"

वाटी आली. रस त्याच पातेल्यातला. दुसऱ्या कोणाला वाढणं शक्यच नव्हतं. आबांनी वाटी तोंडाला लावली. मशीनच्या ग्रीसचा वास येत होता. पण ते सांगायला तोंड उघडलं असतं, तर दुसरी वाटी आली असती.