मटारच्या पिशवीखालची काडतुसे

आर्डिसने मटार काढायला फ्रीझर उघडला, तर पिशवीखाली वीस काडतुसे निघाली. प्लास्टिकच्या डबीत ओळीने मांडलेली, दहांच्या बुडाला लाल ठिपका आणि दहांच्या बुडाला निळा.

"व्हर्लिन," तिने गॅरेजच्या दिशेने हाक मारली, "तुझं सामान माझ्या मटारात काय करतंय?"

"गार होतंय," आतून नवऱ्याचा उत्साही आवाज आला. "हात लावू नकोस. सकाळपर्यंत पार गारठली पाहिजेत."

त्या जूनमध्ये व्हर्लिन स्टकीला रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला होता. मोंटानात हा परवाना सोडतीत निघतो आणि व्हर्लिन सदतीस वर्षे न चुकता अर्ज भरत होता. आता त्याचे वय त्रेसष्ट. पुन्हा नाव निघायचे तर शंभरी गाठावी लागली असती. म्हणजे मेंढा एक, हंगाम एक आणि बहुधा गोळीही एकच.

गोची अशी, की सराव ऑगस्टच्या रखरखीत उन्हात करायचा आणि शिकार नोव्हेंबरच्या बर्फात. व्हर्लिन काडतुसे विकत आणत नसे, गॅरेजमधल्या बाकावर स्वतः भरायचा. काडतुसात भरायची बंदुकीची दारू, जिला ही मंडळी नुसती पावडर म्हणतात, ती हवेप्रमाणे रंग बदलते. उन्हात गोळी जोरात जाते, थंडीत मंदावते आणि चारशे यार्डांवर मेंढ्याच्या खांद्याऐवजी त्याच्या पायाखालच्या दगडावर बसते.

उन्हाथंडीत सारखीच वागते म्हणून गाजलेली एक नवी पावडर बाजारात होती. आख्ख्या तालुक्यातला तिचा शेवटचा डबा व्हर्लिनने मिळवला होता. ती निळ्या ठिपक्याची. लाल ठिपक्याची म्हणजे तो तीस वर्षे वापरत आलेली जुनी पावडर. ती लहरी आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. दोघींना समोरासमोर उभे करून सोक्षमोक्ष लावायचे त्याने ठरवले होते.

दुसऱ्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर ऊन मी म्हणत होते. गोळीचा वेग मोजणारे यंत्र पुढे मांडले गेले आणि आर्डिस वही घेऊन बसली. ती चाळीस वर्षे परिचारिका होती. नोंद करायची म्हणजे आधी वेळ, मग बाकीचे, ही सवय तिच्या हाडात मुरलेली. व्हर्लिनने आधी उन्हात ठेवलेली तशीच आणखी वीस काडतुसे झाडली. मग बर्फाच्या पेटीतून गारठलेली काढली. तोवर शेजारच्या बाकांवरची चारपाच माणसे गोळा झाली होती आणि माणसे गोळा झाली की व्हर्लिनचे तोंड सुरू होई. गार काडतूस रायफलीत सरकवायचे, बोल्ट बंद करायचा आणि चाप ओढण्याआधी आता काय होणार ते सर्वांना सविस्तर सांगायचे, असे त्याचे चालले होते.

शेवटी आर्डिसने आकडे वाचले. नवी पावडर थंडीत चार फुटांनी मंदावली होती. जुनी लहरी पावडर सहा.

"सेकंदाला फक्त सहा फूट?" व्हर्लिनने टोपी काढून पुन्हा घातली. "आर्डिस, तीस वर्षं हिला उगाच नावं ठेवली लोकांनी. कंपन्या खुळ्यात काढतायत आपल्याला."

दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली. हॉटेलात ओरिन हॉगन भेटला. हा व्हर्लिनचा चाळीस वर्षांपासूनचा प्रतिस्पर्धी, दिवसाला मोजून वीस वाक्ये बोलणारा.

"तुझा तो नवा डबा मग नकोय तुला?" ओरिनने विचारले.

"काय करू त्याचं?"

"माझ्याकडे जुनीचा मोठा डबा पडलाय. अदलाबदल कर."

व्हर्लिन जागेवरून उठलाच. एका छोट्या डब्याच्या बदल्यात मोठा डबा. ओरिन इतका भोळा असेल असे त्याला कधी वाटले नव्हते.

आठवड्याने ओरिन त्याच टेबलापाशी येऊन बसला. "ऐंशी फूट," तो म्हणाला.

"काय ऐंशी फूट?"

"तुझी लाडकी. माझ्याकडे जुनीची दहा भरलेली उरली होती. थंड करून मारली. ऐंशी फूट मंदावली."

"तुझं यंत्र बिघडलंय."

"नवी पाच फूट मंदावली. त्याच यंत्रावर."

व्हर्लिन तणतणत घरी आला. ओरिनचे यंत्र, ओरिनची रायफल, ओरिनचे आजोबा, सगळ्यांचा उद्धार झाला. आर्डिस सफरचंदाचा केक कापत होती. तिने हात पुसून वही उघडली.

"जुनी पावडर, पहिलं गार काडतूस. आत घातलं दहा वाजून बारा मिनिटांनी. बार झाला दहा सोळाला."

"मग?"

"चार मिनिटं काय करत होतास?"

"लोकांना समजावत होतो."

"दुसरं, पाच मिनिटं. तिसरं, साडेचार. वीस बार काढून तापलेल्या नळीत. अरे, अंडंसुद्धा मी एवढंच उकडते."

व्हर्लिन खुर्चीत बसला. केक समोर आला तरी त्याने चमचा उचलला नाही.

दुसऱ्या सकाळी दोघेच मैदानावर गेले. आर्डिसने घड्याळ हातात धरले. "आत घाल. बोलू नकोस. ओढ." जुनी पावडर चौऱ्याऐंशी फुटांनी मंदावली. मेंढा निवांत चरत राहिला असता.

नवी पावडर आता वसंतापर्यंत राज्यात कुठेच मिळणार नव्हती. व्हर्लिन ओरिनच्या दारात उभा राहिला.

"देतो," ओरिन म्हणाला. "मंगळवारी नेमबाजी क्लबची बैठक आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"दोन तास?"

"या वेळी जास्त लागतील. विषय मीच सुचवलाय."

विषय होता, थंडीत कोणती पावडर वापरावी. एकजण उठून म्हणाला, की काडतुसे खिशात ठेवली की झाले. दुसरा म्हणाला, की सगळ्या पावडरी सारख्याच, हा नुसता जाहिरातींचा खेळ. व्हर्लिनचे कान लाल झाले. त्याने एक डोनट खाल्ला, मग दुसरा. सहाव्या डोनटला अध्यक्षांनी कळवळून विचारले, "व्हर्लिन, बरं नाहीये का रे?" त्याने मान हलवली. ही मान हो म्हणाली की नाही, यावर दहा मिनिटे चर्चा झाली. बैठक संपल्यावर ओरिनने डबा त्याच्या हातात ठेवला. "अर्धा उरलाय," तो म्हणाला, आणि त्या वर्षात पहिल्यांदाच हसला.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात व्हर्लिन आणि आर्डिस बर्फाळ कड्यावर एका खडकाआड बसले होते. श्वास मिशांवर गोठत होता. रायफलीत नवी पावडर, नजर चारशे यार्ड पलीकडच्या उतारावर. तास गेला, दोन तास गेले. उतारावर चिटपाखरू नव्हते. व्हर्लिनला राहवेना.

"बघ आर्डिस," तो हळू आवाजात सुरू झाला, "या पावडरीच्या दाण्यावर एक लेप असतो. त्यामुळे काय होतं..."

आर्डिसने त्याची बाही ओढली.

"थांब, मुद्दा पुढेच आहे. चारशे यार्डांवर हाच लेप..."

तिने बाही पुन्हा ओढली, जोरात. त्याने वळून पाहिले.

डावीकडच्या खडकावर, पंचवीस पावलांवर, भलाथोरला रानमेंढा उभा होता. शिंगांचे पूर्ण वेटोळे झालेले. मान जराशी वाकडी करून, एवढे कोण बोलतेय ते तो पाहत होता. या अंतरावरून कोणतीही पावडर चालली असती. लाल ठिपक्याचीसुद्धा.

आर्डिसच्या वहीत त्या सकाळच्या दोनच नोंदी आहेत. आठ चाळीस: व्हर्लिन गप्प. आठ एकेचाळीस: बार.